जावयाचं घड्याळ

"घड्याळजी! ओ घड्याळजी! बाहेर निघा! तुमच्या घड्याळानं माझ्या लेकराची नौकरी खाल्ली!"

जवळा बाजारचा आठवडी बाजार ऐन भरात होता आणि हा आवाज असा आला की कापसाच्या गाडीचे बैल बसल्या जागी उठले, मिरच्यावालीच्या तराजूचं पारडं आपोआप खाली गेलं आणि आबाच्या दुकानात भिंतीवर टांगलेली सगळी घड्याळं एकदम टोल देऊ लागली. शेवटचं कुणी मानत नाही, पण मी तिथं होते आणि मानत नाहीत ते नव्हते. ओरडणारे होते नाथाजीमामा, आमच्या आक्काचे होणारे सासरे. त्यांचं वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल. जन्मभर ट्रकांच्या आवाजावर आवाज काढून त्यांचा गळा असा तयार झाला होता, की ते हॉटेलात "दोन कट" म्हणाले तर नांदेडकडं निघालेला ट्रक करकचून ब्रेक मारायचा. त्या दिवशी त्यांच्या डाव्या हातात छत्री होती आणि उजव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसं पट्ट्याला धरलेलं एक मनगटी घड्याळ.

आबा म्हणजे आमचे वडील, दुकानातून बाहेर आले. डोळ्याला लावलेलं भिंग काढायचं त्यांना सुचलंच नाही. एक डोळा साधा आणि एक डोळा वांग्याएवढा, अशा थाटात ते इवायासमोर उभे राहिले.

"जयभीम इवाई. आधी बसा तर खरं. चहा..."

"चहा मी इकतो! मला चहा नका दाखवू. हे घड्याळ बघा. तिसरी बारी हाय. पळून राहिलंय नुसतं! तुमच्या घड्याळाकडं बघून पोरानं परवा शाळेची सुट्टीची घंटा देली, आन् लेकरं घरी आली तवा त्यांच्या माया दुपारच्या भाकरी थापू लागल्या व्हत्या."

"घड्याळात खोट न्हाई, इवाई. दुकानात बराबर चालतंय."

"मंग माझ्या पोराच्या मनगटात खोट हाय का?"

यावर बाजारात जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. पण मी हसले नाही, कारण गर्दीतला एक धोतरवाला म्हातारा हळूच पुढं आला, आबाच्या काउंटरवरून दुरुस्तीला दिलेलं आपलं घड्याळ उचलून त्यानं खिशात घातलं आणि निघून गेला. आबानं ते पाहिलं. भिंगाच्या डोळ्यानं पाहिलं, म्हणजे ते त्यांना केवढं मोठं दिसलं असेल.

नाथाजीमामांनी मग आवाज उतरवला, आणि ते जास्त भीतीचं होतं. म्हणाले, "मोठ्या गुरुजींनी सांगितलं, आणखी एकदा घंटा आधी वाजली तर घरी बसा. पोराची नौकरी अजून कच्ची हाय, तुमाला ठावं हाय. पुढल्या बाजारापर्यंत घड्याळ सुदं झालं तर झालं. न्हाई तर घड्याळ बी ठेवून घ्या आन् पोरगी बी." घड्याळ काउंटरवर ठेवून ते बसस्टँडकडं गेले. जाताना छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. रागात माणसाला काहीतरी उघडावं लागतं.

आता आमच्या घराबद्दल सांगते. घर दुकानाच्या मागंच, दोन खोल्या आणि वर पत्रे. आमच्या घरात शांतता म्हणून नव्हतीच. दुरुस्तीची टोलाची घड्याळं दुकानात मावली नाहीत की घरात यायची, आणि बाराच्या सुमाराला एकामागून एक अशी ठोकत सुटायची की बारा वाजायला आमच्याकडं पाव तास लागायचा. या टिकटिकीवर माय भाकरी थापायची. एक घड्याळ, एक थाप. मुठीनं फोडलेला कांदा, अंबाडीची भाजी, वरून तेल-तिखट, आणि आबाच्या हाताला येणारा पेट्रोलचा वास. घड्याळाचे भाग पेट्रोलमध्ये धुतात, त्यामुळं आमच्या लहानपणीच्या प्रत्येक घासाला पेट्रोलची फोडणी होती. मी अजूनही पंपावर उभी राहिले की मला भूक लागते. नातवंडं म्हणतात, आजी, डॉक्टरला दाखव.

आबा बढाईखोर होते. मी कुणावर गेले ते यावरून समजून घ्या. घड्याळ हातात आलं की ते आधी कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तुमी उजव्या कुशीवर निजता." गिऱ्हाईक हादरायचं. त्यात थोडी थाप होती, थोडं खरं होतं. आबा सांगायचे, घड्याळ माणसासारखंच असतं. निजलं की त्याची चाल एक, टांगलं की दुसरी आणि पालथं घातलं की तिसरी. म्हणून ते धुऊन, सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल देऊन झालं की ते घड्याळाला एक दिवस उताणं निजवायचे, एक दिवस पालथं, एक दिवस खिळ्याला टांगायचे, आणि रोज भिंतीवरच्या आमच्या मुख्य घड्याळाशी ताडून बघायचे. मग झाकण उघडून बालकमानीशेजारचा इवलासा काटा चिमट्याच्या टोकानं सरकवायचे. बालकमानी म्हणजे केसापेक्षा बारीक तारेची गुंडाळी. तीच आकसते, तीच फुलते, आणि घड्याळाचा सगळा श्वास तिच्यात. काटा एकीकडं सरकवला की घड्याळ धावतं, दुसरीकडं सरकवला की रेंगाळतं. किती सरकवायचा? आबा म्हणायचे, "सरकवायचा न्हाई. सरकवायचा इचार करायचा. तेवढ्यात सरकतो."

असा हा माणूस, आणि त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला जावयाला घड्याळच देणार, दुसरं काय. हुंडा आम्ही दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही, पण मानाच्या वस्तू म्हणून घड्याळ साखरपुड्यात आणि रेडिओ लग्नात, असं बोलणं झालं होतं. आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या काळी रेडिओ घेऊन आलेली सून म्हणजे काय, ते आता खिशात अख्खा सिनेमा घेऊन हिंडणाऱ्या पोरांना कळायचं नाही. तो रेडिओ लग्नाआधीच घरी येऊन बसला होता. लाकडी पेटी, दर्शनी भागाला सोनेरी जाळीदार कापड, आणि त्याच्यामागं परातीएवढा भोंगा. बरं, ताटलीएवढा म्हणते. त्याचा मान असा, की घरात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर रेडिओ बसायचा, आबा खाली. आक्का दिवसभर त्याच्यासाठी भरतकामाचं कव्हर करायची: मधोमध कमळ, चारी कोपऱ्यांना पोपट. माय म्हणायची, हा रेडिओ लई गुणाचा. कारण काम थांबवताना सुई त्या सोनेरी जाळीला नुसती टेकवली की चिकटून राहायची. आमच्या घरात पूर्वी सुया हरवायच्या, कुणाच्या तरी पायात सापडायच्या. रेडिओ आल्यापासून एकही सुई हरवली नव्हती. घरातल्या सगळ्यांनी हे रोज पाहिलं. आबानंसुद्धा पाहिलं. वाचणाऱ्यांनी आता एवढ्यात शहाणपणा करू नये. तुम्ही आमच्या जागी असता तर तुम्हीही सुई टोचून ठेवली असती.

घड्याळाची पहिली तक्रार अगदी साधी होती. नवं होतं, किंचित मागं पडत होतं. दाजी, म्हणजे आक्काचा नवरा व्हायचा तो मास्तर, स्वतः ते घेऊन आले. सडसडीत, बोलायला जड, कुणी प्रश्न विचारला तर उत्तर आधी मनात शुद्धलेखनासाठी तपासून मग बोलणारा माणूस. आबाला वाटलं, जावयाचं पहिलं काम! त्यांनी घड्याळ उताणं निजवलं, पालथं घातलं, टांगलं, काटा सरकवायचा विचार केला, आणि अख्खा आठवडा ते मुख्य घड्याळाच्या पावलावर पाऊल टाकून चाललं. द्यायच्या आदल्या संध्याकाळी आबा ते घरी घेऊन आले. इतरांची घड्याळं दुकानातून परस्पर जायची, पण हे जावयाचं. ते रात्रभर दुकानात परक्या घड्याळांत कसं ठेवायचं? मायनं त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, रेडिओच्या बटणात पट्टा अडकवला, आणि घड्याळ त्या सोनेरी जाळीला पाठ टेकवून मानानं लटकलं. "बातम्याच्या आधीची पीप-पीप त्याच्या कानात गेली पायजेन," माय म्हणाली. सकाळी पीप-पीप झाली, आबानं काटे जुळवले आणि दाजी घड्याळ घेऊन गेले.

आणि घड्याळ उधळलं. दाजींच्या शाळेत घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि ती वाजवायचं काम दाजींचं. मधली सुट्टी सकाळीच होऊ लागली. गणिताचा तास सुरू होतो न होतो तोच संपायचा, आणि त्या वर्षी पोरांना गणित आवडायला लागलं. पोरांनी दाजींच्या नावाचा जयजयकार केला असं ऐकिवात आहे. एका पोरानं तर घरी देवांच्या शेजारी त्यांचा फोटो लावला, असं मी सांगते, तुम्ही मानू नका. मोठे गुरुजी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवून ओरडायचे, "गुरुजी, ते काय शोभेला हाय का?" दाजी मान हलवायचे आणि मनगटाकडं बघायचे.

दुसऱ्यांदा घड्याळ आलं तेव्हा आबानं झाकण उघडलं आणि त्यांना दिसलं, की बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटताहेत. तेल गेलं असणार. धुतलं. तरी चिकटतात. पुन्हा धुतलं. आमच्या जेवणाला त्या आठवड्यात इतका पेट्रोलचा वास होता की चुलीजवळ बसायची मला भीती वाटायची. शेवटी आबानं काटा रेंगाळायच्या बाजूला चांगलाच ओढला, चाल ताळ्यावर आली, आठवडाभर घड्याळ गुणी पोरीसारखं चाललं. मग आदल्या संध्याकाळी घरी, हळदीकुंकू, रेडिओचं बटण, सोनेरी जाळी. या वेळी मायनं जास्त माया केली आणि दोन रात्री टांगून ठेवलं. आणि दाजींच्या मनगटावर गेल्यावर ते असं सुटलं, की नाथाजीमामा छत्री घेऊन बाजारात आले. ते तुम्ही पाहिलंच.

त्या बाजारानंतर आमच्या घरात घड्याळं सोडून कुणी बोलेना. आबानं झाकण उघडलं, काटा ओढायला गेले, आणि काट्याला जागाच नव्हती. तो रेंगाळायच्या टोकाला जाऊन टेकला होता. घड्याळजीचा काटा टोकाला टेकला म्हणजे त्याची विद्या टेकली. पहिल्यांदाच मी आबाला घड्याळ कानाला लावून काही न बोलताना पाहिलं. आक्कानं कव्हर थांबवलं नाही, पण ती कमळ घालायची आणि उसवायची, घालायची आणि उसवायची. तिला दाजी आवडले होते, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दाजी दुकानात आले की ती घरातून एकदा तरी "आबा, कात्री हाय का तिथं?" म्हणून विचारायची. कात्री तिच्या हातातच असायची.

पुढचा बाजार अगदी तोंडावर आला, त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. आबा खाली बसलेले, समोर पाटावर घड्याळ, झाकण उघडं, कंदील जवळ ओढलेला, कारण वीज होती पण तिच्यावर आबाचा विश्वास नव्हता. मी भिंग धरून वाकलेली. आक्का रेडिओशेजारी. आबा म्हणाले, "बाई, जरा वात वर कर." आता इथं आमच्यात भांडण आहे. मी आजवर सांगत आले, की सुई माझ्या हातात होती. आक्का म्हणते, तिच्या. तिला वाटत असेल तर तिनं आपलं पुस्तक लिहावं. जिच्या कुणाच्या हातात होती, तिनं रेडिओच्या जाळीवरची सुई नुकतीच काढली होती आणि ती तशीच धरून तिनं वात वर करायला घड्याळावरून हात नेला. आणि बालकमानी उठली! फणा काढल्यासारखी, सुईच्या मागं मागं वळली. मी किंचाळले. आबा ओरडले, "हात! हात काढ, मोडल ते!" हात मागं गेला, बालकमानी खाली बसली. आबा घड्याळावर आणखी वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "पुन्हा आण."

सुई पुन्हा आणली. बालकमानी पुन्हा उठली.

"सुई कुठली हाय ही?"

"रेडिओवरली," आक्का म्हणाली.

आबानं रेडिओकडं पाहिलं. जाळीवर मायच्या तीन सुया आणि एक टाचणी ओळीनं चिकटून बसल्या होत्या, चिमण्या तारेवर बसाव्यात तशा. त्यांनी रेडिओच्या बटणाकडं पाहिलं, जिथं जावयाचं घड्याळ लटकायचं. मग मायकडं. आमच्या रेडिओच्या भोंग्यात जो लोहचुंबक होता त्यानं सुया धरल्या तसाच बालकमानीचा जीव धरला होता. ज्यांची घड्याळं आबानं साधेपणानं काउंटरवरून परत दिली ती सगळी बराबर चालत होती. ज्याचा मान केला तेवढंच पळत होतं. आबा म्हणाले, चुंबकाचं दुखणं आपण ऐकलं होतं, पण ते मोठ्या शहरातल्या घड्याळांना होतं असं वाटायचं. माय म्हणाली, "शहरातून आणला ना रेडिओ."

दुखणं सापडलं, पण उतरवायचं यंत्र आबाकडं नव्हतं आणि बाजार उद्यावर आलेला. सकाळी नाथाजीमामा पहिल्या गाडीनं हजर झाले, मागं दाजी. आबा त्यांना चहाचंही न विचारता शेजारच्या इस्माईलचाचांकडं घेऊन गेले. चाचा पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. आबानं त्यांना सांगितलं, तांब्याच्या तारेचं एक वेटोळं विजेला लावा, मी घड्याळ त्याच्या मधोमध धरतो आणि वीज चालू असताना सावकाश, सरळ, अजिबात झटका न देता बाहेर ओढत दूर नेतो. जवळच बटण बंद झालं तर चुंबक आत राहील. दूर जाता जाता तो आपोआप मावळतो.

चाचा म्हणाले, "करते, लेकिन लाइन का भरोसा नक्को. कब जाती, मालूम नै."

वेटोळं घुमू लागलं. आबानं घड्याळ आत धरलं आणि हात लांब करून उलट्या पावलानं निघाले. हात दुकानाबाहेर आला. आबा थांबेनात. म्हणाले, आणखी लांब, खात्री पायजेन. बाजार दुभंगला. मिरच्यावालीनं पाटी ओढली, कुणीतरी बकरी बाजूला केली, आणि आबा डोळे घड्याळावर रोवून, देवाची पालखी मागं मागं न्यावी तसे उलटे चालत राहिले. नाथाजीमामा ट्रकवाल्यांना सांगतात तसं मागून ओरडत होते, "येऊ द्या! येऊ द्या! डावीकडं दाबा! येऊ द्या!" त्यांचं "येऊ द्या" संपलं तेव्हा आबा कापसाच्या गाडीत पाठीवर पडले होते आणि घड्याळ धरलेला हात तेवढा कापसाच्या वर उभा होता. आबा औंढ्यापर्यंत उलटे गेले असं मी पोरांना सांगते, पण छापायला म्हणून कापसाच्या गाडीपर्यंत धरा. त्याच क्षणी चाचांचं वेटोळं गप्प झालं. वीज गेली होती.

आबानं तिथंच, कापसात बसून झाकण उघडलं. आक्का दुकानाच्या दारात उभी होती, सुई घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. बाजार बघतोय, होणारे सासरे बघताहेत, दाजी बघताहेत, आणि ती सरळ चालत आली आणि तिनं सुई घड्याळावर धरली.

बालकमानी हलली नाही. आपल्या जागी नुसती श्वास घेत राहिली.

आता घड्याळ रेंगाळू लागलं, कारण काटा त्या टोकाला होता. आबानं तो मधोमध आणला, आणि या वेळी खरंच फक्त विचार केला असावा. नाथाजीमामा म्हणाले, आता मी इथून हलत न्हाई. ते आमच्याकडं घड्याळ उताणं, पालथं आणि टांगलेलं बघत राहिले, पिठलं-भाकर खाल्ली, मायच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा रिकामा केला, आणि प्रत्येक पीप-पीपला काटे बघून "बराबर!" असं ओरडायचे, की आमचे पत्रे एक वीत वर उचलायचे. रात्री घड्याळ त्यांच्या उशाला, आणि रेडिओ शेजाऱ्यांकडं.

लग्न पत्रिकेतल्या वेळेला लागलं. आमच्यात पंचांग बघत नाहीत, छापलेली वेळ हाच मुहूर्त, आणि आबाचा हट्ट होता की त्या मिनिटाला बुद्धवंदना सुरू झालीच पाहिजे. झाली. वऱ्हाडाचा अर्धा ट्रक तेव्हा औंढ्यात चहा पीत होता आणि त्यात नाथाजीमामा होते. ते आल्यावर जे ओरडले ते वेगळ्या प्रकरणाचं आहे. दाजींची नोकरी पुढं पक्की झाली. पोरांना गणित पुन्हा आवडेनासं झालं.

दाजी आता निवृत्त आहेत. ते घड्याळ अजून त्यांच्या हातावर आहे, रोज सकाळी चावी देतात. परवा मी आक्काकडं जेवायला गेले होते. पोरांकडं मोबाइल, भिंतीवर मोबाइलवर चालणारं काहीतरी घड्याळ, आणि दाजी वेळ बघायला मनगटच वळवत होते. इतक्या वर्षांत जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

"दाजी, शाळेच्या भिंतीवर चांगलं घड्याळ व्हतं. मोठे गुरुजी रोज बोट दाखवून राहिले व्हते. नौकरी चालली व्हती तुमची. तुमी एकदा बी त्याच्याकडं बघून घंटा काहून न्हाई देली?"

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, उत्तर मनात तपासून घेतलं.

"ते काय सासऱ्यानं दिलेलं नव्हतं."